शिक्षा वाढवून पुरेल का?

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल "दुसऱ्यांदा सापडला की सरळ पाच वर्षं आत टाका" असं एक मत वाचलं. राग अगदी समजतो, आणि दुसऱ्या वेळेला पहिल्यासारखाच दंड भरून सुटका व्हावी हे मलाही पटत नाही. पण नुसती वर्षं वाढवून हा माणूस थांबेल असं वाटत नाही. माझ्या एका नातेवाइकाचा परवाना दारूपायीच जप्त झाला होता. परवाना गेला, पण गाडीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर तशीच लटकत होती, आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा त्याच्या हातात. त्याच्या बायकोने ती पिठाच्या डब्यात लपवली, तर घर डोक्यावर घेतलं त्याने. पिताना त्याला कायदा आठवत नव्हता, आठवत होतं ते एवढंच की मागच्या कित्येक वेळा कोणी अडवलं नाही.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात २००५ पासून वेगळी पद्धत आहे. अशा आरोपींनी दारू प्यायचीच नाही, आणि सकाळ-संध्याकाळ श्वासाची तपासणी द्यायची. तपासणीत दारू निघाली किंवा चुकवली, की लगेच एक-दोन रात्री कोठडी. शिक्षा छोटी, पण हमखास आणि ताबडतोब. तिथल्या जिल्ह्यांच्या अभ्यासात पुन्हा पिऊन चालवल्याबद्दलच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. मोठ्या शिक्षेची मागणी जरूर करा, पण त्यासोबत ही रोजची तपासणीही मागा. त्या घरातल्या बाईला पाच वर्षांनी नव्हे, त्याच संध्याकाळी कोणीतरी मदतीला हवं होतं.