'ड्रॅगल'चं विसरलेलं भावंड

इंग्रजीतल्या 'बेड्रॅगल्ड' (भिजून, चिखलाने माखून गबाळा झालेला) या शब्दाचं मूळ 'ड्रॅगल'मधून 'ड्रॅग'मध्ये, म्हणजे फरफटण्यात दाखवतात, ते बरोबरच. पण चिखलाने माखण्याला 'डॅगल' असाही जुना शब्द होता. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात तो सापडतो. लांब झग्याचा घोळ रस्त्यावरून लोळतो, काठाला ओला चिखल थापला जातो आणि तोच जड काठ घोट्यांवर आपटत राहतो, ते डॅगल. 'डॅग' म्हणजे कपड्याची लोंबती कड. शेवटचा 'ल' क्रिया पुन्हापुन्हा घडते हे दाखवतो, क्रॅकवरून क्रॅकल तसा. मेंढीच्या शेपटापाशी लेंड्यांनी चिकटलेल्या लोकरीलाही 'डॅग'च म्हणतात. ऑस्ट्रेलियात तर एखाद्या गबाळ्या मित्रालाही लाडाने 'डॅग' म्हणतात, आता बोला!