पडद्यावरचे मायलेज आणि पंपावरचा हिशेब

प्रश्न : टाकी भरून ६१२ किलोमीटर चालवल्यानंतर ती पुन्हा भरताना ३६ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरमागे १७ किलोमीटर, गाडीच्या डॅशबोर्डवरचा पडदा मात्र १८.६ दाखवतो. यांपैकी खरे कोणते मानावे?

उत्तर १ : गाडीत पेट्रोल मोजणारे मीटर सहसा नसतेच. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) किती वेळ उघडा राहिला यावरून संगणक खर्चाचा अंदाज बांधतो, त्यामुळे इंजेक्टरच्या प्रवाहात थोडा फरक असला तरी तो आकड्यात कायम राहतो.

उत्तर २ : पण एका टाकीवरून पडद्याला दोष देऊ नये. पंपाचे नोझल (पेट्रोल सोडणारी तोटी) कधी लवकर बंद होते, कधी उशिरा. दोन लिटर कमी भरले गेले, तर तुमचेच १७ चे १८ होतात. पाच-सहा टाक्यांची एकत्र बेरीज करा आणि पडद्यावरची सरासरीही पहिल्या टाकीलाच शून्य करा. (हे शून्य करणे बहुतेक जण विसरतात.)

प्रश्नकर्ता : टायर झिजल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर १ : झिजलेल्या टायरमुळे किलोमीटर जास्त नोंदले जातात हे खरे, परंतु तेच किलोमीटर दोन्ही हिशेबांत येत असल्याने तफावतीचे कारण ते नव्हे.