मदत हवी आहे : ईसीजीत हृदयाचा स्नायू जाड, इकोत मात्र नॉर्मल

माझ्या वडिलांना (वय ६१, अंगकाठी सडपातळ) दहा वर्षांपासून रक्तदाब आहे. परवाच्या ईसीजीवर यंत्रानेच ‘एलव्हीएच’, म्हणजे डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याचा) स्नायू जाड झाल्याची शंका, असा शेरा छापला. पट्टीवरचे चौकोन मी स्वतः मोजले, तेव्हा व्ही-१ मधील एस लहर (खाली जाणारी) १४ मिमी आणि व्ही-५ मधील आर लहर (वर जाणारी) २३ मिमी (व्ही-१, व्ही-५, एव्हीएल वगैरे ही ईसीजीतील वेगवेगळ्या नोंदींची नावे), म्हणजे बेरीज ३७ भरली. लहरींच्या अशा बेरजेवरून स्नायूची जाडी ताडणाऱ्या सोकोलो-लायन निकषाची मर्यादा ३५ आहे. उलट तशाच दुसऱ्या, कॉर्नेल निकषाने, एव्हीएलची आर ७ आणि व्ही-३ ची एस १२ धरून, बेरीज १९ येते, जी पुरुषांसाठीच्या २८ च्या मर्यादेहून बरीच कमी आहे. पट्टीच्या सुरुवातीची, मापाचे प्रमाण दाखवणारी चौकोनी खूण बरोबर १० मिमी उंच असल्याने मापनाची चूक संभवत नाही.

त्यानंतरच्या इकोत जवनिकेच्या भिंतीची जाडी १० मिमी, म्हणजे नॉर्मल आली. छाती सडपातळ असल्यास लहरी उंच दिसतात, एवढे मी वाचले आहे. पण बाबा ‘यंत्राने छापलंय ना!’ म्हणून धास्तावले आहेत. डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर जाणकारांनी कृपया सांगावे, की इको नॉर्मल असताना ईसीजीच्या या शेऱ्याला किती महत्त्व द्यावे, आणि इको पुन्हा करायचा झाल्यास साधारण किती काळाने करतात?