भाषणाआधी केसपेपर
काही जण म्हणतात, चर्चच्या तरुण संघातल्या पोरांना पुढारपण शिकवायचं तर वक्तृत्वाचं शिबिर घ्या. घ्या की! पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे वेगळं चालतं. तालुक्यात चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल, त्यामुळे सेवा पोरांनी लहानपणापासून पाहिलेली. कॉलेजची पोरं आळीपाळीने दवाखान्यात थांबतात. पाड्यावरच्या आजीला मावची ही इथली आदिवासी बोलीच येते, डॉक्टरांना मराठी. मग पोरगं केसपेपर काढतं, गोळी जेवणाआधी की नंतर, हे दोनदा विचारून आजीला सांगतं. उपासनेत तोंड न उघडणारी एक मुलगी आता सगळ्यांच्या पाळ्या लावते, पाळकसाहेबांनाही वेळेवरून टोकते. बायबलमधला योहान १३, येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय, दवाखान्यातल्या अशा सेवेनंतर वाचायला घ्या. परीक्षेच्या महिन्यात मात्र पाळ्या नकोत, घरचे चिडतात.