मधुमेह आणि डोक्यावरचा ताण : आपापले अनुभव लिहा

पथ्य, गोळ्या, चालणं यांवर भरपूर बोलून झालंय. इथे ते नको. कारल्याचा रस आणि मेथ्या तर मुळीच नकोत. हे सगळं रोज सांभाळताना मनाचं काय होतं, तेवढंच लिहा. डॉक्टर याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात आणि नैराश्यापासून वेगळं धरतात. १९९५ साली बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी त्यासाठी एक प्रश्नावलीही मांडली. म्हणजे हे आपल्या मनाचे खेळ नाहीत.

सुरुवात माझ्यापासून. एचबीएवनसीचा (सरासरी साखरेचा) रिपोर्ट मोबाइलवर आला की मी उघडत नाही, बायको उघडते. तीन महिन्यांचं प्रगतिपुस्तकच ते, आदल्या आठवड्यात भात सोडून काही हाती लागत नाही.

सहावीतलीची आई : लेकीला टाइप १ आहे. दिवस कसाही निघतो, रात्र निघत नाही. साखर ७० च्या खाली गेली तर? झोपेत तिला कळलंच नाही तर? तीनला उठून बोटाला टोचते. कमी निघाली की १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा टोचायचं. ती अर्धवट झोपेत नुसतं बोट पुढे करते. साखर सतत मोजणारा सेन्सर लावून पाहिला, तर त्याच्या अलार्मने उरलीसुरली झोपही गेली! वर नातेवाईक : "लहानपणी चॉकलेटं फार दिलीत." अहो, तिच्याच प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, चॉकलेटाचा काय संबंध? एका मावशींना तर आत्तापासून तिच्या लग्नाची काळजी आहे.

भाकरवडी : ऑफिसात पेढे वाटताना "तुला चालत नाही ना?" हे सगळ्यांसमोर. मला नको असतो हो पेढा, पण डबा पुढे तरी करा.

निवृत्त लिपिक : पंगतीत पुरणपोळी आली की मुलगा समोरून डोळे वटारतो. काळजीपोटीच करतो, कळतं. पण त्याच्या फिया मी भरल्यात, आता अर्ध्या पोळीची मंजुरी त्याच्याकडून घ्यायची. मग मी घरी नियमाने वागतो आणि बाहेर चोरून खातो.

पाटपाणी : बदलीची ऑर्डर आली त्या आठवड्यात उपाशीपोटी साखर १९०. घरच्यांना वाटलं, काहीतरी खाल्लं असणार. ताणात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत स्वतःच साखर रक्तात सोडतं, हे डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून सांगितलं तेव्हा कुठे माझी चौकशी थांबली.

कोपऱ्यावरचा : @सहावीतलीची आई, ताई, रात्री एकट्या काढू नका. आमच्याकडे मुलगा टाइप १. बायकोने आणि मी वार वाटून घेतलेत. ज्याचा वार नसेल त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं, असं ठरलंय. पहिले काही दिवस आम्ही दोघंही जागेच होतो, मग झोप लागायला लागली.