मदत हवी आहे: मागच्या लिंका लेथवर करून आणल्या, आता क्रॉलर कट्-कट् करतोय

चढाला_घाबरत_नाही
अर्जंट आहे. रविवारी सकाळी सगळे पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर निघालेत आणि माझा क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी) टेबलावर उघडा पडलाय. मागच्या प्लास्टिकच्या लिंका (अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्या) दगडाला अडकून वाकायच्या, म्हणून उद्यमनगरात ६ एमएमच्या अ‍ॅल्युमिनियम बारच्या करून घेतल्या. दोन्ही टोकांना आतून एम३ चे (३ एमएमचे) आटे. बसवल्या नीट. पण चढावर थ्रॉटल दिला की मागून कट्-कट्, आणि मागचं चाक खाली लोंबलं की ड्राइव्हशाफ्ट सुटून हातात. लिंका सोडून काहीच बदललेलं नाही. लगेच सांगा. 'रेडीमेड घे' हे कुणी सांगू नका, ते परवडत नाही म्हणूनच लेथवाला गाठला.

लिपोवाला
बॅटरी २एस की ३एस (दोन सेलची की तीन)? ३एस वर प्लास्टिकचे गिअर असेच ओरडतात. आणि ठेवताना दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा, फुल चार्ज करून महिनाभर कपाटात टाकू नका.

चढाला_घाबरत_नाही
बॅटरीचा काय संबंध? शाफ्ट सुटतोय.

जांभ्यावरचा
भावा, अ‍ॅल्युमिनियम घेतलंस तिथंच चुकलं. जांभा दगड त्याला कानशीसारखा खातो. ३०४ स्टेनलेसच्या कर, वजनपण खालच्या बाजूला राहतं, गाडी पलटी कमी होते. माझ्या दोन वर्षं झाल्या, ओरखडासुद्धा नाही.

निवृत्त_फिटर
स्टेनलेसमध्ये २.५ चं भोक पाडून एम३ टॅप मारून दाखवा एकदा हातानं. ३०४ रगडलं की जागेवरच कडक होतं आणि टॅप आतच मोडतो. मग तो बार मोडक्या टॅपसकट भंगारात. अ‍ॅल्युमिनियमला काही झालेलं नाही.

चढाला_घाबरत_नाही, तीन गोष्टी सांग. गाडी कोणती? चारही लिंका बदलल्यास की दोनच? आणि गाडी सपाट टेबलावर ठेवून बाजूनं बघ, पिनियनचं (अ‍ॅक्सलला ड्राइव्हशाफ्ट जिथं जोडतो तिथलं) तोंड गिअरबॉक्सकडं आहे की जमिनीकडं?

जांभ्यावरचा
काका, मी लेथवाल्याला पैसे देतो. टॅप त्याचा मोडतो :)

स्वस्तात_मस्त
बार, लेथ कशाला पाहिजे? हार्डवेअरच्या दुकानात एम३ चा लांब स्टड मिळतो. वर अ‍ॅल्युमिनियमची नळी चढवायची, दोन्हीकडं रॉड एंड (भोक असलेलं प्लास्टिकचं टोक) आवळले की लिंक तयार. करवत आणि कानस एवढंच लागतं. माझा एक मित्र तर सायकलच्या आऱ्या वापरतो.

निवृत्त_फिटर
स्टड-नळी चालते. आऱ्या नाही. २ एमएमची तार दगडावर आपटली की धनुष्य होतं.

वळणावळणानं
हा टॉर्क ट्विस्ट आहे. शाफ्टच्या फिरण्यानं बॉडी एका बाजूला झुकते, एक चाक उचलतं. डावी-उजवी स्प्रिंग वेगळी घाला. मी हे आधीच्या धाग्यातही लिहिलं होतं, कुणी वाचलं नाही.

चढाला_घाबरत_नाही
चाक उचलत नाही, आवाज येतोय! काका: एससीएक्स१० टू. खालच्या दोनच बदलल्या, दगडाला त्याच घासतात ना. वरच्या मूळच्याच. पिनियन बघितला. जमिनीकडं बघतोय. हे वाईट का?

निवृत्त_फिटर
वाईटच. आता व्हीलबेस मोज, चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत. आणि नव्या लिंकांचं माप कसं काढलंस?

गडप्रेमी
विषय वेगळा आहे, पण मागच्या महिन्यात पन्हाळ्याच्या तटबंदीवर क्रॉलर चालवतानाचा व्हिडिओ इथंच कुणीतरी टाकला होता. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला गड आहे तो. पठारावर काय करायचं ते करा, तटाच्या दगडावर नको.

जांभ्यावरचा
तो मी नव्हे. आम्ही कात्यायनीच्या बाजूलाच जातो.

चढाला_घाबरत_नाही
व्हीलबेस ३१९. जुनी लिंक व्हर्निअरनं टोकापासून टोकापर्यंत मोजली, आणि नवीचं भोकापासून भोकापर्यंत अंतर तेवढंच ठेवलं. बरोबर ना?

निवृत्त_फिटर
सापडलं. या गाडीचा व्हीलबेस ३१३ असतो. लिंक नेहमी भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची. तू बाहेरच्या कडा धरल्यास, म्हणजे दोन्हीकडं रॉड एंडच्या डोळ्याचा अर्धा अर्धा भाग जास्तीचा आला. साधारण ८ एमएम. वरच्या लिंका जुन्याच, त्यामुळं अ‍ॅक्सलचा खालचा भाग तेवढा मागं ढकलला गेला, वरचा जागेवर राहिला. अ‍ॅक्सल फिरला, पिनियन खाली झुकला. त्या कोनात युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) अडतो, तीच तुझी कट्-कट्. आणि अ‍ॅक्सल मागं सरकल्यावर शाफ्टला लांबी पुरत नाही, म्हणून लोंबल्यावर सुटतो.

आटे किती खोल मारलेत?

चढाला_घाबरत_नाही
१२ एमएम. म्हणजे नव्या करायच्या? बार संपला.

निवृत्त_फिटर
नको. लेथवर दोन्ही टोकांना ४-४ एमएम फेसिंग (तोंड सपाट छिलून कमी) करून घे. करवतीनं कापू नकोस, तोंड तिरकं येतं. ८ एमएम आटे राहतात, एम३ ला पुष्कळ झाले. फक्त ग्रब स्क्रू (लिंक आणि रॉड एंड जोडणारा बिनडोक्याचा स्क्रू) तळाला टेकला तर तोही तेवढाच कमी कर, नाहीतर आवळलाय असं वाटेल आणि रॉड एंड सैलच राहील. ग्रब स्क्रूच्या अ‍ॅल्युमिनियमकडच्या बाजूला निळं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लाव. प्लास्टिकच्या रॉड एंडमध्ये अजिबात नाही, प्लास्टिक तडकतं.

स्वस्तात_मस्त
स्टड-नळी असती तर नळी कापून घरीच दहा मिनिटांत झालं असतं. सांगून ठेवतो.

लिपोवाला
बॅटरी कुठली ते राहिलंच.

चढाला_घाबरत_नाही
काका, झालं! लेथवाल्यानं उभ्या उभ्या करून दिलं, वर मलाच विचारतो, 'माप तुम्हीच दिलं होतं नव्हं?' व्हीलबेस ३१३.५, पिनियन वर आला, आवाज बंद. घराच्या जिन्यावर दहा वेळा चढवली, शाफ्ट जागेवर.

फक्त एक. फुल थ्रॉटलला मागचं एक चाक जरा उचलतंय. आधी शाफ्टच सुटायचा म्हणून कळत नव्हतं बहुतेक. बॅटरी २एस आहे, झालं समाधान?

वळणावळणानं
टॉर्क ट्विस्ट.