कॉस्टिक प्लांटचा हायड्रोजन सिलिंडरमध्ये भरून विकायचा की भट्टीत जाळायचा?

खानदेशी_प्रोसेस
नमस्कार मंडळी. मूळचा जळगावचा, सध्या गुजरातेत दहेजला एका कॉस्टिक सोडा प्लांटमध्ये प्रोसेसला आहे. मेंब्रेन सेल, म्हणजे मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक काढायचं, सोबत क्लोरीन आणि हायड्रोजन निघतातच. रोजचं 200 टन कॉस्टिक. टनामागे 25 किलो म्हणजे रोज 5 टन हायड्रोजन निघतो. टनभर एचसीएलचं (हायड्रोक्लोरिक आम्लाचं) युनिट खातं, पावणेतीन टन बॉयलर आणि फ्लेकरच्या (कॉस्टिकचे सुके पापुद्रे करणाऱ्या युनिटच्या) भट्टीत जळतो, आणि उरलेला साडेबाराशे किलो व्हेंटमधनं सरळ आकाशात. आता साहेबांच्या डोक्यात बॉटलिंग प्लांट घुसलाय कारण कुठल्यातरी दलालाने किलोला 300 च्या पुढे भाव मिळेल म्हणून सांगितलं. फायनान्सवाले म्हणतात गॅस फुकटच पडतो, येईल तो नफा. मला सोमवारपर्यंत नोट द्यायचीय. प्रश्न असा की या गॅसची कॉस्ट धरायची तरी काय? टन कॉस्टिकला 2200 युनिट वीज जाते, त्याच विजेत 886 किलो क्लोरीनपण निघतो, मग ती वीज तिघांत वजनाने वाटायची की विक्रीच्या किमतीने?

अर्धवटराव५८
वाटणीच्या भानगडीत पडूच नका. वजनाने वाटलीत तर हायड्रोजनच्या वाट्याला जेमतेम 1.3 टक्के येतात, किमतीने वाटलीत तर क्लोरीनचा भाव पडला की हायड्रोजनची कॉस्ट आपोआप वाढते, प्लांटमध्ये एक नट हललेला नसतो तरी. ते ऑडिटरसाठी ठीक आहे. तुमच्यासाठी कॉस्ट म्हणजे तो किलो आज जे काम करतोय ते बंद पडलं तर त्याच्या जागी काय जाळावं लागेल त्याचा खर्च. किलोत 28,600 च्या आसपास किलोकॅलरी असतात. बॉयलरला किलोमागे 4000 किलोकॅलरीचा कोळसा असेल तर सात किलो कोळसा वाचतो, 6 रुपये दर धरला तर 43 रुपये. तोच किलो पीएनजीच्या (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या) जागी जळाला तर घनमीटरला साडेआठ हजार किलोकॅलरीने 3.3 घनमीटर गॅस वाचतो, 48 रुपये दराने 160 च्या घरात. म्हणजे एकाच गॅसच्या तीन किमती झाल्या, व्हेंटला शून्य, बॉयलरला 43, पीएनजीच्या भट्टीत 160. आधी सांगा फ्लेकरला वरनं पीएनजी किती लागतो?

सिलिंडरवाले_काका
मी सात वर्षं फिलिंगला काढलीत म्हणून सांगतो, हायड्रोजन विकणं म्हणजे लोखंडाची वाहतूक करणं. 47 लिटरचा बाटला, 150 बार प्रेशर, आत गॅस किती तर अर्धा किलो आणि वर थोडा. रिकामा बाटला 55-60 किलोचा. 200 बाटल्यांचा ट्रक गेला की 11-12 टन लोखंड आणि 110 किलो माल, आणि परत येताना लोखंड तेवढंच. तुमच्या साडेबाराशे किलोला रोज सव्वादोन हजार बाटले भरायला लागतील बघा. बाटला गिऱ्हाइकाकडे दहा दिवस पडून राहतो (पंधरा म्हणा) तर वीस-तीस हजार बाटल्यांचा स्टॉक हवा, ते पैसे साहेबांच्या एक्सेलमध्ये आहेत का? ट्यूब ट्रेलरने (ट्रेलरवर बसवलेल्या लांबलचक मोठ्या बाटल्यांनी) गणित बरं जमतं पण मग वनस्पती तुपाचा किंवा पेरॉक्साइडचा कारखाना जवळ पाहिजे, रोज माल उचलणारा. शिवाय सेलमधला गॅस ओला असतो, त्यात ऑक्सिजनचा अंश, कॉस्टिकचे तुषार, म्हणजे डीऑक्सो (ऑक्सिजन काढणारं युनिट), ड्रायर, कॉम्प्रेसर सगळं आलं. किलोमागे दोन-तीन युनिट नुसत्या दाबण्यात जातात. पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची) परवानगी वेगळी, फाइल फिरत राहते.
आणि एक, क्लोरीन उचलला गेला नाही की तुम्ही प्लांटचा लोड खाली आणणार, म्हणजे हायड्रोजनपण कमी निघणार, त्या दिवशी गिऱ्हाइकाला काय पाठवणार?

हरित_भविष्य
पण हा इलेक्ट्रोलिसिसचाच हायड्रोजन ना! सोलरची वीज घ्या आणि ग्रीन म्हणून विका की, प्रीमियम मिळेल. नुसत्या पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्याला किलोला 50-55 युनिट लागतात, तुम्हाला आयता मिळतोय.

अर्धवटराव५८
@हरित_भविष्य व्हेंटमधला विकलात तर तुमचं म्हणणं थोडंफार चालेल. पण बॉयलरमधला काढून विकला तर त्या जागी सात किलो कोळसा जळणार, म्हणजे दहाएक किलो कार्बन डायऑक्साइड. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करणाऱ्याचा पण किलोला नऊ-दहाच होतो! आपल्याकडे ग्रीनची मर्यादा किलो हायड्रोजनला 2 किलो कार्बन डायऑक्साइड आहे. लेबल हिरवं आणि धूर आपल्या चिमणीतून, असला प्रकार.

खानदेशी_प्रोसेस
काका, बाटल्यांचा हिशोब साहेबांना दाखवला, दोन मिनिटं कोणी बोललंच नाही 😅
काल नाइटला थांबून फ्लेकरचा पीएनजी मीटर बघितला. 24 तासांत 3100 घनमीटर. म्हणजे 940 किलो हायड्रोजन तिथंच खपतो आणि रोजचे दीड लाख वाचतात, आणि आम्ही तोच गॅस वरनं सोडतोय! ऑपरेटरला विचारलं हायड्रोजन का नाही वाढवत, तो म्हणाला साहेब हेडरला (गॅसच्या मुख्य पाइपला) प्रेशरच नाही, दुसरा ब्लोअर मेपासून बंद आहे, सील यायचंय.

सिलिंडरवाले_काका
हे असंच असतं. पण ब्लोअर आला म्हणून लगेच व्हॉल्व्ह उघडू नका हं. तेवढ्याच उष्णतेला पीएनजीच्या तिपटीहून जास्त घनमीटर जातात, बर्नर तेवढं घेतो का ते बनवणाऱ्याला विचारा, फ्लॅशबॅकचं (ज्योत उलटी बर्नरमध्ये शिरण्याचं) बघा, आणि दिवसा हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, फ्लेम डिटेक्टर यूव्हीचाच (अतिनील किरण ओळखणारा) हवा.

खानदेशी_प्रोसेस
हो, बर्नरवाल्याला मेल टाकलाय. नोटेचा विषय बॉटलिंग होता, आता आत निघालंय ब्लोअरचं सील. पर्चेसवाला रजेवर आहे, बुधवारी येतो म्हणे.